परत केलेली क्षमा

"गोळ्या कसल्या ह्या?"

विजयमालाबाईंनी ओल्या हातातलं पाकीट अभिनंदनच्या नाकासमोर धरलं. धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात ते राहून गेलं होतं.

"ॲसिडिटीच्या."

"ॲसिडिटीच्या गोळ्या मी तुझ्या जन्माच्या आधीपासनं खाती. मला नको शिकवू."

अभिनंदन मगदूम कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका मेडिकलच्या काउंटरवर उभा असतो. डी.फार्म. झाला आणि तिथं चिकटला, तो आजतागायत. कुणाच्या घरात कुठलं दुखणं आहे, कुणाच्या सुनेला कसलं औषध चालू आहे, हे त्याला माहीत असतं आणि ते तो कुणाजवळ बोलत नाही. दुकानात त्याला मान आहे तो त्यासाठीच. पण दुसऱ्यांची दुखणी पोटात ठेवणाऱ्या माणसाला स्वतःच्या दुखण्याबद्दल खोटं बोलता येतंच असं नाही, आणि आईसमोर तर नाहीच नाही.

"झोपेच्या हायत," तो म्हणाला. "झोप लागत न्हाय मला."

"या वयात झोप लागत न्हाय?"

तेवढ्यात आण्णा आतून आले. अंगावर पांढरं धोतर आणि उपरणं, आंघोळ झालेली. जिनपाल मगदूम साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झाले. काट्यावर राहूनही हात कोरडा ठेवलेला माणूस, अशी त्यांची उचगावात ख्याती. त्यांनी बायकोच्या हातून पाकीट घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि कमरेला खोचलं.

"आज क्षमावाणी. घरात वाद नको. बसदीतनं आल्यावर कोडोलीचं पावणं यायचं हायत," ते म्हणाले. "आवर लवकर."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जैनांच्या घरांत दशलक्षणाचे दिवस उपासतापासात आणि पूजेत गेले की शेवटी क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी बसदीत, म्हणजे आमच्याकडच्या जैन मंदिरात, सगळे एकमेकांसमोर हात जोडतात. वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा, म्हणतात. सासू सुनेला म्हणते, थोरला धाकट्याला म्हणतो. वर्षभर बांधावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेले भाऊसुद्धा त्या दिवशी हात जोडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधावर जातात ते सोडा.

आण्णा आणि अभिनंदन यांच्यात बोलणं असं नव्हतंच. "जेवलास?", "दूधवाल्याचं बघ", "लाइटबिल भरलंस?" यापलीकडे गाडी जायची नाही. वर्षातून एकच दिवस आण्णा लेकासमोर उभे राहायचे, हात जोडायचे आणि त्याच्या डोळ्यांत बघायचे. म्हणून गेल्या वर्षी अभिनंदनने तो दिवस धरला होता.

त्याआधीचा पावसाळा त्याला फार वाईट गेला होता. विश्वजितचं लग्न झालं. विश्वजित शाहूवाडीकडचा. एका औषध कंपनीचा एमआर. दुकानात सॅम्पलची बॅग घेऊन यायचा आणि पहिल्या दिवसापासून अभिनंदनला "काय मगदूम शेठ" म्हणून चिडवायचा. पुढं पन्हाळ्याला जाणं, रंकाळ्यावर बसणं, विश्वजितच्या भाड्याच्या खोलीवर आमटी-भात करून खाणं, अशी वर्षं गेली. त्या खोलीत दोन ताटं होती आणि ती दोघांनी मिळून आणली होती. मग विश्वजितच्या घरच्यांनी तारीख काढली. "माझा इलाज न्हाय," एवढंच विश्वजित म्हणाला. अभिनंदन लग्नाला गेला. पंगतीत वाढलंसुद्धा. नवरीकडच्यांनी कौतुक केलं, मित्र असावा तर असा.

परत आल्यावर मात्र त्याला अन्न गोड लागेना आणि घरात कुणाला सांगताही येईना. मित्राच्या लग्नानं कोण सुतकात बसतं? एकदा तरी कुणाला तरी सांगावं, नाहीतर आपण फुटू, असं त्याला झालं. म्हणून गेल्या क्षमावाणीला, आण्णा हात जोडून समोर आले तेव्हा त्यानं त्यांना खांबाच्या आड नेलं आणि सांगून टाकलं.

"आण्णा, मला बायकांच्याबद्दल काय वाटत न्हाय. कधीच वाटलं न्हाय. मला पुरुषच आवडतात. पहिल्यापासनं."

आण्णांनी एकदा मूर्तीकडं बघितलं. कपाळावरचं गंध घामानं ओघळलं होतं ते पुसलं. मग लेकाच्या डोक्यावर हात ठेवला.

"आज सांगितलंस ते बरं केलंस. झालं गेलं. मी क्षमा केली. पुन्हा ह्यो विषय न्हाय."

आण्णांचा हात त्याआधी डोक्यावर कधी आला होता ते अभिनंदनला आठवत नव्हतं. त्या हाताखाली तो घटकाभर लहान मुलासारखा उभा राहिला. काय घडलं ते त्याला घरी पोचल्यावर उमगलं. चुका कबूल करायच्या दिवशी सांगितलेली गोष्ट चूकच धरली जाणार, हे एवढ्या शिकलेल्या माणसाला कळू नये? पण नाही कळलं. त्याला वाटलं होतं की आपण बापाला आपली ओळख करून देतोय. बापाला वाटलं, पोरानं पाप सांगितलं आणि ते धुऊन निघालं.

आण्णांनी शिव्या दिल्या असत्या तर भांडता आलं असतं. पण क्षमा केलेल्या बापाशी भांडायचं कसं? आण्णांच्या लेखी विषय मिटला होता, इतका मिटला होता की दिवाळीनंतर त्यांनी मोठ्या उत्साहानं मुली बघायला सुरुवात केली.

तिथून त्याची झोप गेली. काउंटरवर उभा असताना छातीत धडधडायचं, घाम फुटायचा, गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकूच यायचं नाही. रात्री दुकान बंद करताना झोपेच्या औषधांच्या कपाटाकडं बघायची त्याला भीती वाटू लागली. एक दिवस त्यानं मालकाला, विजयसिंहदादांना, त्या कपाटाची किल्ली देऊन टाकली.

"दादा, ही तुमच्याकडं ठेवा. मला लागंल तवा मागून घेतो."

"का रं? चोरी झाली काय?"

"न्हाय. ठेवा तुमच्याकडं."

दादांना वाटलं, पोरगं जरा जास्तच प्रामाणिक आहे. त्यांनी किल्ली घेतली, आणि अभिनंदन आज हयात आहे तो बऱ्याच अंशी त्यामुळं, हे त्यांना अजूनही माहीत नाही.

कोल्हापुरात डॉक्टरकडं जायची सोय नव्हती. इथल्या प्रत्येक डॉक्टरची चिठ्ठी त्याच्या हाताखालून गेलेली, प्रत्येक कंपाउंडर ओळखीचा. म्हणून सुट्टीच्या दिवशी तो मिरजेला जायचा आणि औषधंही तिथूनच आणायचा. तिथल्या डॉक्टर पूर्णिमा वयानं त्याच्याएवढ्याच होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "घरी सांगितलंय का?"

"सांगितलंय."

"मग? काय म्हणाले?"

"क्षमा केली."

डॉक्टर लिहायच्या थांबल्या. "म्हणजे स्वीकारलं?"

"न्हाय ओ," अभिनंदन म्हणाला, आणि त्याला रडू आलं. इतके महिने न आलेलं रडू परक्या गावात, परक्या बाईसमोर आलं. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि बाहेरच्या पेशंटला थोडं थांबायला सांगितलं.

एवढं होऊनही तो कोडोलीला मुलगी बघायला गेलाच. तिचं नाव ऐश्वर्या. बी.एड. झालेली, एका शाळेत शिकवणारी. मोठ्या माणसांनी दोघांना गॅलरीत बोलायला पाठवलं, तर तिनंच आधी विचारलं.

"तुम्हाला खरंच लग्न करायचंय न्हवं? घरच्यांनी ढकललंय म्हणून आला असाल तर आत्ताच सांगा. मला त्यात अडकायचं न्हाय."

तो खाली अंगणात वाळत घातलेल्या भुईमुगाच्या शेंगांकडं बघत राहिला. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. ती बिचारी त्याला लाजाळू समजली. घरी आल्यावर त्याला त्या पोरीचा प्रश्न छळत राहिला. आपलं तर वाटोळं झालंच आहे, तिचं कशाला?

आता आज तिच्याकडची माणसं घर बघायला येणार होती. पसंती आधीच कळली होती. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती.

बसदीत त्या दिवशी गर्दी होती. पूजा आटोपली आणि माणसं एकमेकांसमोर वाकू लागली. "उत्तम क्षमा, उत्तम क्षमा," असा सगळीकडं कलकलाट चालला होता. आण्णा भावकीतल्या सगळ्यांना भेटत भेटत अभिनंदनपर्यंत आले आणि त्यांनी हात जोडले.

"वर्षभरात कळत-नकळत..."

"आण्णा," अभिनंदन म्हणाला, "गेल्या सालची क्षमा परत घ्या."

"काय?"

"तुम्ही मला क्षमा केलासा ती. मला नको. परत घ्या."

आण्णांनी आजूबाजूला बघितलं. "हळू बोल. देवाच्या दारात हाईस."

"मी चूक केली म्हणून सांगितलं न्हवतं. मी कसा हाय ते सांगितलं होतं. आजबी तसाच हाय. मी आज गप बसलो तर त्या पोरीला फसवल्यागत हुईल. त्या पापाची मातर मला कुणीच क्षमा करणार न्हाय."

आण्णांचे जोडलेले हात तसेच राहिले होते. मग ते शेजारच्या माणसाकडं वळले आणि त्याला हात जोडून म्हणाले, "कळत-नकळत काय चुकलं असंल तर..." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की त्या माणसानं, "बरं वाटत न्हाय काय आण्णा?" असं विचारलं.

कोडोलीचे पाहुणे ठरल्या वेळी आले. मुलीचे वडील धनपाल चौगुले आणि तिचे एक काका. घर बघून झालं, गोठा बघून झाला, म्हशीचं कौतुक झालं. विजयमालाबाईंनी पोहे दिले, चहा दिला. अभिनंदन दाराला टेकून उभा होता. आता बोलायचं, आता बोलायचं, असं मनाशी म्हणत होता. चौगुल्यांनी कप खाली ठेवला, खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं.

"मग काय आण्णा? फोडायची सुपारी?"

"थांबा," आण्णा म्हणाले. त्यांनी कमरेचं पाकीट काढून चहाच्या कपाशेजारी ठेवलं. "पोराला डोक्याचं औषध चालू हाय. झोप न्हाय, मनाचं दुखणं हाय. तुमच्यापासनं लपवून ठेवणं बरं न्हवं."

अभिनंदन दारातून पुढं आला. आता बोलायची पाळी त्याची होती. हे खरं, पण खरं कारण हे नव्हे, असं म्हणायचं होतं. आण्णांनी त्याच्याकडं बघितलं. त्या नजरेत दरारा नव्हता. सत्तरीतला माणूस लेकाकडं हात पसरून काहीतरी मागत होता. अभिनंदन गप्प राहिला.

चौगुले सज्जन गृहस्थ. त्यांनी पटकन हात जोडले. "आधी सांगितलासा, लई मोठं मन तुमचं. आमचंच नशीब न्हाय म्हणायचं. आज दिवस बी क्षमेचा हाय, मनात काय ठेवू नका." पाकिटाकडं बघायचं मात्र त्यांनी टाळलं. दोघं चपला घालून इतक्या लगबगीनं निघाले की काकांचा गॉगल राहिला, तो घ्यायला त्यांना परत यावं लागलं.

ते गेल्यावर विजयमालाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"येडा ठरवलासा माझ्या पोराला! आता कोण देणार त्याला पोरगी?"

"कोण देऊ नये म्हणूनच सांगितलं," आण्णा म्हणाले.

"म्हंजे?"

आण्णांनी पाहुण्यांचे कप उचलून आत नेले. अभिनंदन चप्पल घालून बाहेर पडला आणि उसाच्या कडेनं नुसताच चालत राहिला. बापानं त्याला सोडवलं होतं आणि त्याच हातानं बुडवलंही होतं. लोकांत सांगायला दोन गोष्टी होत्या, त्यांतली आण्णांनी 'वेडा' निवडली. ती त्यांना दुसरीपेक्षा परवडली. याचा राग येऊन त्याच्या कानशिलातल्या शिरा उडत होत्या. आणि राग येत असतानाच छातीवरचं एक ओझं उतरल्यासारखंही वाटत होतं. ऐश्वर्या सुटली. त्याला धड रडता येईना, धड चिडता येईना.

कोल्हापुरात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. कोडोलीच्या कुणाचा तरी साडू शाहूपुरीत, त्याची बायको भिशीत. दिवाळीच्या आधीच दुकानात कुजबुज पोचली. एक दिवस विजयसिंहदादांनी त्याला आत बोलावलं.

"अभ्या, वाईट वाटून घेऊ नको. गिऱ्हाईक विचारायलंय. म्हणत्यात, गोळ्या देणाऱ्याचंच डोकं ठिकाणावर न्हाय. थोडं दिवस मागं गोडाऊनला बसतोस काय?"

अभिनंदन उभाच राहिला.

"दादा, गोळ्या मी घेतो हे खरं हाय. आपल्याच दुकानातनं तसल्या गोळ्या निम्मी शाहूपुरी नेती. मी त्यातल्या कुणाचं नाव कधी बाहेर काढलंय? माझ्या हातनं औषध चुकलं असंल तर दाखवा, आत्ता घरी जातो. न्हायतर मी काउंटर सोडणार न्हाय."

दादा पाटलाच्या घरातले, आवाज मोठा पण मन मऊ. त्यांनी डोकं खाजवलं. "तसं न्हाय रं. ऱ्हा, ऱ्हा तिथंच. बोलून बोलून काय बोलतील?"

तो राहिला. पण राहणं सोपं नव्हतं. पूर्वी गिऱ्हाईक नुसती चिठ्ठी पुढं करायचं आणि गप्पा मारत पिशवी उचलायचं. आता चिठ्ठीशी पाकीट ताडून बघायचं, काहीजण दुसऱ्या पोऱ्याला हाक मारायचे. त्या दिवसांत मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला दोनदा जास्तीचं बोलावलं आणि तो गेला. न जाण्याइतकी हिंमत त्याच्यात उरली नव्हती, असं तो स्वतःच म्हणतो.

थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. दिवस कलताना आण्णा दुकानात आले. ते कधी दुकानात येत नसत, त्यांची औषधं अभिनंदनच घरी न्यायचा. केएमटीच्या बसनं आले होते आणि जरा दमले होते. काउंटरसमोर दोघं-तिघं उभे होते, त्यांच्या मागं ते रांगेत उभे राहिले. पुढच्या बाईनं पाकीट घेतलं, उघडून बघितलं, अभिनंदनच्या तोंडाकडं बघितलं आणि दादांना विचारून खात्री केली. आण्णा ते सगळं बघत होते.

त्यांची पाळी आली.

"बीपीची दे."

अभिनंदननं गोळ्या काढून दिल्या. आण्णांनी चष्मा लावला नाही, बघितलंही नाही, सरळ खिशात टाकल्या. गेले मात्र नाहीत. काउंटरवर ओणवून हलक्या आवाजात म्हणाले, "एक विचारू?"

"विचारा."

"त्या तुझ्या गोळ्यांनी... ते बी जाईल काय?"

अभिनंदनला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. दोन महिने हा माणूस मनात काय धरून बसला होता ते कळलं. त्याला चिडायचं होतं, पण समोर मान वाकडी करून उत्तराची वाट बघणारा म्हातारा दिसला.

"ते जात न्हाय, आण्णा," तो म्हणाला. "ते दुखणं न्हवंच. गोळ्यांनी झोप येती. तेवढंच."

आण्णांनी मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिले.

"झोप येती न्हवं पण?"

"येती आता."

"हं," आण्णा म्हणाले.

बाहेर उन्हं पार उतरली होती. आण्णा दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत, पाणीसुद्धा घेत नाहीत. आत्ता निघाले असते तर उचगावला पोचून वेळेत चार घास पोटात गेले असते.

"निघा आण्णा, बस हुकंल. आई वाट बघत असंल."

"बघू दे," म्हणून आण्णांनी काउंटरच्या कडेचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले, येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसतील असे.

रस्त्यावरचे दिवे लागले. एक म्हातारी साखरेच्या गोळ्या घ्यायला आली. तिनं चिठ्ठी दिली आणि आण्णांकडं निरखून बघितलं.

"ह्ये पावणं कोण म्हणायचं?"

अभिनंदन बोलायच्या आत आण्णाच बोलले. आवाज काट्यावर होता तसा खणखणीत.

"बाप हाय मी ह्याचा."

"असं होय," म्हातारी म्हणाली. तरीही तिनं पाकीट ट्यूबलाइटकडं धरलं आणि डोळे बारीक करून त्यावरचं नाव एकेक अक्षर लावत वाचायला लागली. तिचं वाचून होईपर्यंत बापलेक दोघंही थांबले.